बादशाहाचा दरबार आणि चंपतरावाचं पान

बावीस वर्षं मी मुलांना सनावळ्या शिकवल्या. एकदा हेडमास्तरांनी भर वर्गात पानिपताची तारीख चुकवली आणि मी ती भर वर्गात सुधारली. त्या महिन्याअखेर मी घरी बसलो. तारीख माझीच बरोबर होती, हे मी आजही कुणी न विचारता सांगतो, आणि आमच्या घरी कुणी विचारतही नाही.

पुढे गोपाळरावांनी मला बोलावलं. नागपूरच्या महाल भागात त्यांचा छापखाना होता आणि त्यातून 'नगरवृत्त' नावाचं साप्ताहिक दर गुरुवारी निघे. मुद्रितं तपासायची आणि शिवाय 'आजच्या दिवशी' हे सदर लिहायचं, एवढं माझं काम. अंक ज्या तारखेला निघेल त्या तारखेला इतिहासात काय काय घडलं ते द्यायचं. गोपाळरावांचा नियम असा की एक घटना जगाची, एक हिंदुस्थानची आणि एक आपल्या मध्यप्रांताची. पहिल्या दोन सापडत. तिसरीसाठी मला डोकं खाजवावं लागे, कारण आपल्या प्रांतात घटना घडतात पण त्या लिहून ठेवायचा सगळ्यांना कंटाळा.

सदर कुणी वाचत नसे. लोक संत्र्याची आवक वाचत, कापसाचा भाव वाचत, कोणाच्या कज्ज्याचा निकाल लागला ते चवीने वाचत, आणि माझ्या सदरावर पोहे बांधून नेत. मला त्याचं वाईट वाटे. गोपाळरावांना वाटत नसे, कारण पोहे बांधायलाही अंक विकत घ्यावा लागतो.

तर ही गोष्ट बारा डिसेंबर एकोणीसशे पस्तीसची. त्या अंकात मी दोन घटना दिल्या होत्या. सन १९०१, बिनतारी संदेश पहिल्यांदा अटलांटिक महासागर ओलांडून गेला. सन १९११, दिल्लीत बादशाहाचा दरबार भरला आणि राजधानी कलकत्त्याहून दिल्लीस नेण्याचं जाहीर झालं. तिसरी जागा रिकामी.

"वामनराव," गोपाळराव मुद्रित हातात धरून म्हणाले, "बारा डिसेंबरला आपल्या प्रांतात काहीच झालं नाही?"

"झालं असेल. कुणी लिहून ठेवलं नाही."

"मग तुम्ही कशाला आहात?"

 त्या जागेत आम्ही दंतमंजनाची जाहिरात घातली.

गुरुवारी सकाळी अंक गेला आणि अकराच्या सुमारास छापखान्याच्या दारात एक बाई येऊन उभी राहिली. पन्नाशीची, उंच, काठापदराचं लुगडं ठसठशीत नेसलेली, आणि हातात आमचा अंक. तो तिने उलटा धरला होता. तिच्या मागे एक गुबगुबीत गृहस्थ होता. त्याच्या चेहऱ्यावर, आपण उगाच ओढले गेलो, असा भाव होता.

"हे कोनं लिवलं?" बाईने विचारलं.

चोवीस वर्षांच्या माझ्या अध्यापन-लेखनात कुणीतरी पहिल्यांदाच हा प्रश्न विचारत होतं. मी उठून उभा राहिलो. "मी."

"मंग तुमाले दरबार कधी भरला तेच ठाऊक नाही."

आत छपाईचे खिळे जुळवणारा शालिकराम थांबला. गोपाळराव चष्मा पुसू लागले. दुसऱ्याची फजिती नीट दिसावी म्हणून ते चष्मा पुसतात, हे मला माहीत होतं.

बाईचं नाव जयवंता. मूळची उमरेडची, जातीने कोष्टी, आता इतवारीपलीकडच्या आळीत तिचे तीन माग होते. मागला गुबगुबीत माणूस तिचा दीर कवडू. त्यांच्या आळीत अशी पद्धत की माग चालू असताना एकाने वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचं आणि बाकीच्यांनी विणता विणता ऐकायचं. वाचायचं काम कवडूकडे होतं, कारण त्या वेळात विणावं लागत नाही. आज त्याने सगळा अंक वाचून संपवला, तरी जेवायला वेळ होता, म्हणून नाइलाजाने माझं सदरही वाचलं. 'बारा डिसेंबर, दिल्ली दरबार' हे शब्द ऐकले आणि जयवंताबाईंनी हातातला धोटा मागावर तसाच सोडून दिला.

"बाई," मी शिक्षकी आवाजात म्हणालो, "दरबार बारा डिसेंबरलाच भरला. पुस्तकात आहे."

"पुस्तकात काय बी असते. दरबार भरला पौषात. पौष वद्य सप्तमीले."

"तिथी आणि तारीख दरवर्षी जुळत नाहीत. तिथी मागेपुढे होते."

"हे मले शिकवून राहिले का तुमी?" ती दोन पावलं आत आली. "संकरांत कधी येते? चौदा जानेवारीले. पौष वद्य कधी येते? संकरांतीच्या आगंमागं. मंग मले सांगा मास्तर, पौषातली सप्तमी बारा डिसेंबरले येऊन बसली कशी? रेल्वेनं आली का?"

 बाईचं म्हणणं बिनतोड होतं. पौष वद्य सप्तमी बारा डिसेंबरला येऊच शकत नाही. बावीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याने मला असं पेचात धरलं नव्हतं.

"पण दरबार पौषात भरला हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

 कवडूने तिच्याकडे पाहिलं. तिने कनवटीतून फडक्याची पुरचुंडी काढली, तिच्यातून घड्यांवर विरलेलं एक पत्र काढलं आणि माझ्या टेबलावर ठेवलं.

"कवडूचे भाऊ त्या दिवशी गेले," ती म्हणाली.

नवऱ्याचं नाव ती घेत नव्हती. ते मला पत्रातून कळलं. पत्र जबलपूरच्या कुठल्याशा धर्मशाळेतल्या मुनशीने हिंदीत लिहिलेलं होतं. 'यहाँ सब कुशल है, आपकी कुशल ईश्वर से सदा चाहते हैं। आगे समाचार यह है कि चंपतराव पूस बदी सप्तमी को सन्ध्या समय शान्त हो गये। चिन्ता न करना।' पत्राची सुरुवात कुशलाने करायची म्हणजे करायची, मग पुढे कोणी मेलं असलं तरी बेहत्तर. हा मुनशी शिस्तीचा माणूस असावा.

बाकीचं जयवंताबाईंनी सांगितलं. चंपतराव ओळखीच्या एका गाडीवानाच्या बैलगाडीतून लुगडी विकायला निघाला, गावोगाव करत जबलपूरला पोचला. तिथे बादशाहाच्या दरबाराच्या आनंदाप्रीत्यर्थ लाडू वाटले. चंपतरावाने बादशाहाचा मान ठेवून एकवीस खाल्ले आणि संध्याकाळी पोट धरून आडवा झाला तो उठला नाही. तो गाडीवान पत्र घेऊन थांबत थांबत परत आला तेव्हा उमरेडात माघ लागला होता. पत्र वाचलं कवडूने. पूस म्हणजे पौष, बदी म्हणजे वद्य. त्याच साली दीर-वहिनी इतवारीत राहायला आले, आणि तेव्हापासून तेवीस वर्षं जयवंताबाई पौष वद्य सप्तमीला नवऱ्याचं श्राद्ध करत होत्या.

"अन् तेवीस वर्षं कावळा शिवला नाही," कवडू म्हणाला.

"तू चूप बस," ती म्हणाली. पण मग स्वतःच बोलू लागली.

ज्या दिवशी चंपतराव निघाला त्या दिवशी तिने पाटोडीची रस्साभाजी केली होती. बेसन घाटायचं, थापायचं, वड्या पाडायच्या, खसखस-खोबऱ्याचं वाटण वाटून रस्सा करायचा. पहाटेपासून ती चुलीपुढे होती. चंपतराव पानावर बसला, दोन घास खाल्ले न खाल्ले तोच बाहेरून गाडीवान ओरडला, गाडी सुटून राहिली. आणि हा अर्ध्या पानावरून उठला, हात धुतला, निघाला.

"मले राग आला मास्तर. मी दारात उभी राहून म्हणलं, जा! आता परत या घरात जेवाले येऊ नका."

 गोपाळरावांनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

"म्हून ते येत नाही," ती म्हणाली. "मी नाही म्हणलं ना. बाईमाणसाचं कोनतंच बोलणं त्यायनं कधी ऐकलं नाही, हे एकच ऐकलं."

 पितृपक्षात तरी कावळा येत असेल, असं काहीतरी मी म्हणालो.

"पितृपक्षात साऱ्या गावची पंगत असते, तेव्हा कोनीबी येते. तिथीचा पाहुणा येगळा. मले एक डाव ते घरी जेवलेले पाह्याचे हाय, बस. अन् तुमी म्हणता दरबार पौषात नव्हताच."

ती गेल्यावर कवडू दोन मिनिटं रेंगाळला आणि त्याच्याकडून मला उरलेला इतिहास कळला. कावळा घास शिवत नसला की मेलेल्या माणसाची काय इच्छा राहिली ते ओळखून त्याला मोठ्याने वचन द्यायचं असतं, हे आपण सगळे जाणतो. जयवंताबाईंना आपलं बोलणं चारचौघांत उच्चारायचा धीर होत नसे, म्हणून इच्छा ओळखायचं काम कवडूने पत्करलं. पहिल्या वर्षी त्याने ओळखलं, 'भाऊ, कवडूले अंतर देणार नाही.' बाईंनी मान डोलावली, कावळा आला नाही. दुसऱ्या वर्षी 'कवडूचं लगन करून देऊ.' लग्न झालं, कावळा आला नाही. तिसऱ्या वर्षी 'कवडूचे गुडघे दुखते, त्याले मागावर बसवणार नाही.' अशी तेवीस वचनं झाली होती. शेवटी दरवर्षी भटजी दर्भाचा कावळा करून तो पानाला टेकवत आणि सगळे जेवायला बसत.

"यंदा काय ओळखणार आहात?" मी विचारलं.

"भाऊच्या मनात मले एक सायकल घेऊन द्याची हाय, असं वाटून राहिलं," कवडू गंभीरपणे म्हणाला.

ते दोघे गेल्यावर गोपाळराव म्हणाले, "वामनराव, तारीख चुकली असेल तर शुद्धिपत्र द्यावं लागेल. नऊ वर्षांत आपण एकही शुद्धिपत्र दिलेलं नाही."

चुका झाल्या नाहीत म्हणून दिलं नाही असं नव्हे, कबूल करायची पद्धत नाही म्हणून दिलं नाही.   माझी तारीख खोटी असणं शक्य नव्हतं, आणि त्या बाईचं पत्रही खोटं नव्हतं. खरं सांगायचं तर मला बाईच्या नवऱ्यापेक्षा माझ्या तारखेची काळजी जास्त होती. माणूस असाच असतो, निदान मी तरी आहे.

दुपारी तीनच्या सुमारास शालिकराम खिळ्यांच्या पेटीवर वाकून बोटांवर फुंकर मारत होता. तो जबलपूरकडचा. पंधरा वर्षं महालात राहून त्याची भाषा अर्धी इकडची, अर्धी तिकडची झाली होती.

"बोटं कडक होऊन राहिली, बाबूजी," तो म्हणाला. "पूस लग गया न. अब तो ठंड पड़ेगीच."

"पूस कुठला लागतोय?" मी खेकसलो. एरवीही मी त्याच्यावर खेकसतोच. "परवा पौर्णिमा झाली. मार्गशीर्षाचे पंधरा दिवस अजून जायचे आहेत."

"तुमचा मार्गशीर्ष. हमारा तो पूनम को खतम."

मी लेखणी खाली ठेवली.

आपला महिना अवसेला संपतो आणि उत्तरेकडच्या लोकांचा पुनवेला. शुक्ल पक्षात दोघांचं महिन्याचं नाव एकच. पण पुनव झाली की त्यांचा पुढचा महिना सुरू होतो आणि आपला मागचाच पंधरा दिवस चालू राहतो. नागपुरात दोन्ही प्रकारचे लोक एकाच विहिरीवर पाणी भरतात, त्यामुळे हे आम्हा सगळ्यांना माहीत असतं आणि वेळेवर कुणाच्या लक्षात येत नाही. जबलपूरच्या मुनशीचं पूस बदी म्हणजे आपलं मार्गशीर्ष वद्य! कवडूने शब्द बरोबर वाचला होता, महिना चुकीचा घेतला होता.

गोपाळरावांच्या वडिलांनी जुनी पंचांगं माळ्यावर बांधून ठेवली होती. मी शिडी लावून चढलो, धुळीने शिंकलो, चोवीस वर्षांपूर्वीचं पंचांग काढलं. बारा डिसेंबर १९११. मार्गशीर्ष वद्य सप्तमी. मी शिडीवरूनच ओरडलो, "माझी तारीख बरोबर आहे!"

"उतरा आता," गोपाळराव म्हणाले.

मी तसाच इतवारीकडे निघालो. मला इतका आनंद झाला होता की टांगा करायचंही सुचलं नाही. जयवंताबाई दारात सुताच्या लडी वाळत घालत होत्या. मी धापा टाकत सगळं सांगितलं. दरबार बारा डिसेंबरलाच भरला, तिथीही सप्तमीच, फक्त महिना आपला मार्गशीर्ष. तुम्ही दरवर्षी एक महिना उशिरा श्राद्ध करत होतात. चुकीच्या दिवशी कावळा येईल कसा? मी हसत हसत हे सांगितलं आणि शाबासकीची वाट पाहत उभा राहिलो.

जयवंताबाईंच्या हातातली लड खाली पडली.

"म्हंजे," ती हळू म्हणाली, "ते दरसाली आले असन."

"हं?"

"आपल्या दिवशी आले असन. अन् मी त्या दिवशी मागावर बसलेली. पान नाही, पाणी नाही. तेवीस साल ते येऊन, पाहून, उपाशी गेले असन."

माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं. माझी तारीख बरोबर ठरली, यात मी गुंग होतो. मला त्या क्षणी स्वतःची इतकी चीड आली की हेडमास्तरांचीही कधी एवढी आली नसेल. मी मेलेली माणसं जेवायला येतात असं मानणारा नाही. पण ती बाई मानत होती, आणि तिच्या मनात आजवर एक अपराध होता, तिथे मी आणखी तेवीस आणून ठेवले होते.

"बाई, येत्या सोमवारीच मार्गशीर्ष वद्य सप्तमी आहे," मी घाईने म्हणालो. "चार दिवस आहेत. या वेळी चुकणार नाही."

ती खाली पडलेली लड उचलू लागली. कवडू मात्र ओट्यावरून उठला. "असं कसं? तेवीस सालाचा रिवाज हाय. अन् पौषात एवढे वचन देल्ले, त्याचं काय?"

तो बोलत असताना माझं लक्ष त्याच्या मागच्या भिंतीकडे गेलं. तिथे खुंट्यांवर पतंगाच्या मांज्याच्या पाच चक्र्या ओळीने टांगलेल्या होत्या.

"पतंग कोण उडवतं?"

"मी. पुऱ्या इतवारीत माह्या हाताचा मांजा कोनी काटत नाही. संकरांतीच्या आधी एक महिना, मंग पंधरा दिवस. गुडघे दुखते, पण उभं राहून जमते."

मी घरी जाताना विचार करत गेलो. पौष वद्य म्हणजे संक्रांतीचे दिवस. त्या दिवसांत इतवारीच्या आभाळात पतंगांनी बोट ठेवायला जागा नसते. तिकडे फिरकेल असा मूर्ख कावळा नागपुरात जन्माला आलेला नाही. तेवीस वर्षं बाई अंगणात पान मांडून रडत होती आणि दीर वचनापुरता खाली उतरून पुन्हा वरून मांज्याला ढील देत होता. कवडूने हे मुद्दाम केलं असं मी म्हणणार नाही. तेवढं डोकं असतं तर त्याने सायकल दुसऱ्याच वर्षी मागितली असती.

सोमवार उजाडला. सोळा डिसेंबर. सन १८१७ मध्ये याच दिवशी सक्करदऱ्याला भोसल्यांची इंग्रजांशी लढाई झाली, पण त्याची आठवण त्या दिवशी मलाही झाली नाही. दुपारी मी जयवंताबाईंच्या अंगणात पोचलो तेव्हा अर्धी आळी जमली होती. माग बंद होते. भटजी आले होते आणि दर्भाचा कावळा आधीच करून पिशवीत घेऊन आले होते. तेवीस वर्षांच्या अनुभवाने ते शहाणे झाले होते.

कडुनिंबावर चार-पाच कावळे बसलेले पाहून मला धीर आला. आणि धीर येतो न येतो तोच ते सगळे एकदम उडाले.

मी वर पाहिलं. शेजारच्या घराच्या सपाट धाब्यावर कवडू उभा होता. हंगामातला त्याचा पहिला पतंग वर चढत होता, लाल, लांब शेपटीचा, बरोबर कडुनिंबावर.

"कवडू!" मी ओरडलो. "खाली घे तो!"

"मांजा पाहून राहिलो मास्तर! पाच मिनटं!"

मी शेजारच्या जिन्याने धावत वर गेलो. माझं वय एकावन्न, दमा जुना. धाब्यावर पोचल्यावर बोलायलाही श्वास उरला नव्हता, म्हणून मी सरळ मांजा पकडला. बोट कापलं. मग दातांत धरून तोडला. पतंग हेलकावत जुम्मा तलावाच्या दिशेने गेला आणि कुठल्यातरी धाब्यावरून आरोळी आली, "ओऽऽ काऽट!"

कवडू माझ्याकडे बघत राहिला. "दातानं?" तो म्हणाला. "इतक्या सालात मले कोनी काटलं नाही. अन् एका मास्तरनं दातानं?"

"तुझ्या पतंगामुळे कावळे येत नाहीत," मी कसाबसा म्हणालो. "तेवीस वर्षं. तुझ्यामुळे."

कवडूचा चेहरा उतरला. त्याने हातातल्या चक्रीकडे पाहिलं, मग खाली अंगणात वहिनीकडे पाहिलं. चक्री त्याने कोपऱ्यात उलटी ठेवून दिली आणि माझ्या आधी जिना उतरला. त्याच्या गुडघ्यांना त्या वेळी काही झालेलं दिसलं नाही.

खाली जयवंताबाई पान वाढत होत्या. भात, वरण, वडे, खीर, आणि मधोमध द्रोणात पाटोडीची रस्साभाजी. लाडू नव्हता. लाडू त्या घरात पुन्हा कधी झाला नव्हता. तिचे ओठ हलत होते. आज कवडूला बोलू न देता आपलं बोलणं आपणच मागे घ्यायचं, असं तिने ठरवलं होतं, हे तिने मला आल्या आल्या सांगितलं होतं. चोवीस वर्षं तिने ते वाक्य मनात घोळवलं होतं. आज ते आळीसमोर उच्चारायचं होतं.

आणि मला भीती वाटू लागली. तारीख मी काढली होती. सोमवार मी सांगितला होता. कावळे उडून गेलेले, कडुनिंब रिकामा. आजही कोणी आलं नाही तर या बाईला मी काय तोंड दाखवणार होतो? देवाबद्दल माझं मत फारसं बरं नाही, तरी मी त्या दिवशी त्याला मनातल्या मनात हाक मारली.

बाईंनी पान उचललं आणि अंगणाच्या भिंतीकडे निघाल्या. भटजींनी पिशवीत हात घातला. कवडू सवयीने पुढे झाला आणि त्याने तोंड उघडलं, "भाऊ, तुमच्या मनात जे असंन ते..."

पान भिंतीवर टेकलंही नव्हतं. कुठून आला कोण जाणे, एक मोठा काळाभोर कावळा खाली झेपावला, बाईंच्या हातातल्या पानावरच बसला, द्रोणात चोच घातली आणि पाटोडीची अख्खी वडी उचलली. रस्सा बाईंच्या लुगड्यावर सांडला.

"अवो, थांबा!" जयवंताबाई ओरडल्या. "पाणी तं फिरवू द्या! मले बोलाचं हाय!"

पण तो ऐकायला थांबला नाही. वडी घेऊन कडुनिंबावर गेला.  भटजींचा हात पिशवीतच राहिला.

"असेच होते," जयवंताबाई म्हणाल्या.  "अस्सेच होते ते. कधी कोनाचं बोलणं पुरं होऊ देल्लं नाही." आणि त्या हसायला लागल्या, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. पान त्यांनी कसंबसं भिंतीवर ठेवलं.

कावळा परत आला. भिंतीवर बसला, इकडे तिकडे मान वळवली, आणि दुसरी वडी घाईघाईने तोडू लागला. कवडू माझ्या शेजारी उभा राहून शर्टाच्या बाहीने नाक पुसत होता. सायकलीचं नाव त्याने काढलं नाही.

जयवंताबाईंनी ते चोवीस वर्षांचं वाक्य काही उच्चारलं नाही. त्या भिंतीजवळच्या दगडावर बसल्या, पदराने तोंड पुसलं, आणि कावळ्याकडे बघत हळूच म्हणाल्या,

"सावकाश जेवा. आता कोनती गाडी सुटून नाही राहिली."